पोळी सोडली आणि पाठ खाजायला लागली

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे, पुण्यात आयटीत नोकरी करते. जिममधल्या ट्रेनरने दिलेलं लो-कार्ब डाएट सुरू करून तीन आठवडे झाले. पोळी, भात, बटाटा, साखर, फळं, सगळं बंद. अंडी, पनीर, चिकन, बदाम-अक्रोड, पालेभाज्या आणि सकाळी तूप घातलेली कॉफी एवढंच चालू आहे. वजन भराभर उतरलं म्हणून खूश होते. पण गेल्या आठवड्यापासून पाठीवर, मानेच्या मागे आणि छातीवर लालसर पुरळ उठलंय. इतकं खाजतं की मीटिंगमध्ये बसल्या बसल्या खुर्चीला पाठ घासते. ट्रेनर म्हणतो, "टॉक्सिन्स बाहेर पडतायत, दम धर." आई म्हणते, उष्णता झालीय, सब्जाचं पाणी पी. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. खरंच डाएटमुळे असं होतं का? पोळी पोटात गेली नाही म्हणून पाठीला खाज कशी सुटेल? आणि आता डाएट सोडायचं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ट्रेनरचं म्हणणं आधी निकालात काढू. शरीरातली घाण त्वचेवाटे पुरळ होऊन बाहेर पडते, ही समजूत डाएटच्या जगात फार सोयीची आहे. काहीही बिघडलं तरी ते सुधारल्याचं लक्षण आहे असं सांगता येतं. नको असलेले पदार्थ शरीराबाहेर काढायचं काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामातून जातं ते बहुतांशी पाणी आणि मीठ. टॉक्सिन म्हणजे नेमका कोणता पदार्थ, एवढं एकदा त्याला विचारून बघा. दम धरायचा सल्ला तर मुळीच मानू नका, कारण तुम्ही लिहिलंय तसं पुरळ असेल तर दम धरण्यातून फक्त डाग वाढतात. आईचा अंदाज त्यामानाने जवळचा आहे. पुरळाचा संबंध खाण्याशी आहे हे तिने ओळखलं. सब्जाच्या पाण्याने पुरळ जाणार नाही, पण प्यायला हरकतही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, डाएटमुळे असं होतं. फार थोड्यांना होतं, पण होतं, आणि त्याला रीतसर नाव आहे : प्रुरायगो पिगमेंटोसा. कीटो, म्हणजे तुमच्यासारखं कडक लो-कार्ब डाएट, करणाऱ्यांमध्ये ते 'कीटो रॅश' म्हणून ओळखलं जातं. या दुखण्याचं पहिलं वर्णन 1971 साली जपानमध्ये नागाशिमा नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. अंगावर खाजरं पुरळ उठतं आणि मागे जाळीदार काळपट डाग राहतात, असे काही रुग्ण त्यांनी पाहिले होते. पुढे बरीच वर्षं हे दुखणं जपान्यांचंच मानलं गेलं. नंतर ते कोरिया, तुर्कस्तान, युरोप, अमेरिका, सगळीकडे दिसायला लागलं. रुग्णांमध्ये विशी-पंचविशीतल्या तरुण मुली जास्त.

त्या काळी कीटोची लाट नव्हती, मग यांना कशामुळे होत होतं? 1990च्या दशकात जपानी डॉक्टरांनी अशा काही रुग्णांची लघवी तपासली तेव्हा त्यात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, सापडले. मग कड्या जुळत गेल्या. कुणी वजन कमी करायला जेवण तोडलं होतं, कुणाचा मधुमेह हाताबाहेर गेला होता, कुणी गरोदरपणातल्या उलट्यांनी आठवडाभर धड खाल्लं नव्हतं. पुढे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरचेही रुग्ण नोंदवले गेले. परिस्थिती वेगवेगळी, पण रक्तात कीटोन सगळ्यांच्या. अर्थात या दुखण्याच्या प्रत्येक रुग्णात कीटोन सापडतातच असं नाही. घाम, कपड्यांचं घर्षण अशी इतरही कारणं नोंदलेली आहेत. पण तुमच्या पत्रातला खाण्याचा तपशील वाचल्यावर पहिला संशय तिकडेच जातो.

पोळी न खाल्ल्याने पाठ का खाजते, ते आता सांगतो. आपल्या यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं आणि स्नायूंमध्ये त्याच्या चौपट. ही साखरेची शिल्लक. पिष्टमय पदार्थ बंद केले की यकृतातली शिल्लक दिवसाभरात संपत येते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोनेक किलो कमी दिसतात त्यातला मोठा भाग हाच असतो. त्याबद्दल ट्रेनरला पेढे द्यायची घाई करू नका. मग यकृत चरबी जाळून त्यातून कीटोन तयार करतं, म्हणजे अॅसिटोअॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अॅसिटोन. मेंदू आणि स्नायू त्यावर चालतात. यातला अॅसिटोन श्वासातून बाहेर पडतो, म्हणून काहींच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. दिवसाला 50 ग्रॅमच्या खाली कार्बोहायड्रेट गेलं की बहुतेकांच्या शरीरात दोन-चार दिवसांत हे सुरू होतं.

ही अवस्था म्हणजे आजार नव्हे. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी मुद्दाम असा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फिट्सवर तो आजही वापरतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. सगळ्यांना त्यातून पुरळ उठत नाही. ज्यांना उठतं त्यांच्या बाबतीत तर्क असा आहे की कीटोनमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती दाह सुरू होतो आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. पुरळ अगदी ताजं असताना त्याचा तुकडा तपासला तर या पेशी भरलेल्या दिसतात. थोड्या दिवसांनी त्या जाऊन दुसऱ्या पेशी येतात, आणि शेवटी त्वचेच्या खालच्या थरात सांडलेलं रंगद्रव्य तेवढं उरतं. म्हणूनच बायॉप्सी करायची झाली तर नुकतंच उठलेलं पुरळ निवडावं लागतं. जुन्या डागाचा तुकडा पाठवला तर रिपोर्टमधून काहीच बोध होत नाही.

दिसायला हे कसं असतं? नवऱ्याला, मैत्रिणीला किंवा आईला मोबाइलवर पाठीचा फोटो काढायला सांगा, तोही खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आणि फ्लॅश बंद ठेवून. पुरळ पाठीच्या मधल्या भागावर, मानेच्या मागच्या बाजूला, दोन्ही स्तनांच्या मध्ये, कधी कमरेच्या वर असतं. डावी-उजवी बाजू बरीचशी सारखी. चेहरा, तळहात, तळपाय सहसा स्वच्छ. लाल-गुलाबी बारीक पुळ्या असतात, क्वचित पाणी धरलेल्या, आणि त्या सुट्या न राहता एकमेकींना जोडल्या जाऊन कोळ्यांच्या जाळ्यासारखी वीण दिसते. आठवडाभरात लाली उतरते, वीण तपकिरी होते, आणि तिच्या शेजारी नव्या लाल पुळ्या उठतात. जुनं तपकिरी आणि नवं लाल असं एकाच पाठीवर शेजारी शेजारी दिसलं की त्वचेचे डॉक्टर लगेच विचारतात, "डाएट करताय का?" तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं, तर तुम्ही आपणहून सांगा. ही गोष्ट पेशंट सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी डाएट म्हणजे औषध नव्हे आणि आजारही नव्हे.

पत्रावरून निदान करायचं नसतं, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. डाएट चालू असताना उठलेलं प्रत्येक पुरळ कीटोनचं नसतं. उलट आपल्याकडे साध्या कारणांचीच शक्यता जास्त.

पहिलं म्हणजे अंगावर पित्त उठणं. आहार बदलला की सुकामेवा, अंडी, चीज, प्रोटीन पावडर यांचं प्रमाण अचानक वाढतं, आणि त्यातलं एखादं तुम्हाला सोसत नसेल तर गांधी उठतात. त्या ओळखणं सोपं आहे. एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ मारून ठेवा. चोवीस तासांत ती जागा मोकळी होऊन दुसरीकडे नवी उठली तर ते पित्त. पित्ताचा मागे डाग राहत नाही. आमसुलाचं पाणी लावण्याची आपली घरगुती रीत यासाठीच आहे. त्याने गार वाटतं, थोडा वेळ खाज कमी होते, पण कारण जात नाही. ओठ, पापण्या सुजल्या किंवा श्वास अडखळला तर मात्र आमसूल शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

दुसरं गजकर्ण. जिमला जाणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. घामाने भिजलेले घट्ट कपडे, दुसऱ्याने वापरलेली मॅट, न वाळलेला टॉवेल, सगळं बुरशीच्या सोयीचं. गेल्या दहा वर्षांत भारतात गजकर्णाने फारच जोर धरलाय. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारी एक जात पसरलीय आणि तिच्या नावातच भारत आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. गजकर्णाच्या चट्ट्याची कड उंच, खवल्यांची, आणि मध्यभाग त्यामानाने बरा असतो. जांघा, कंबर, काखा या त्याच्या आवडत्या जागा. शंका असेल तर डॉक्टर बोथट पात्याने चार खवले काचपट्टीवर खरवडतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. दुखत नाही, खर्च किरकोळ. ही तपासणी न करता महिनोन् महिने गोळ्या खाणारे लोक मी रोज बघतो.

खरूज असेल तर रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या असतात आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. घामोळं उकाड्याने येतं आणि पंख्याखाली ओसरतं. शिबं फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंडा धरणारी, आणि खाजली तरी थोडीच. शिवाय नव्या डाएटबरोबर एखादी नवी गोळी, काढा किंवा 'फॅट बर्नर' चालू झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता ती ट्यूब. दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच, हे तुमचं वाक्य वाचून मला ट्यूबवर काय लिहिलेलं असेल ते न बघताच कळलं. घरात असेल तर उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड. त्याच्या जोडीला बुरशीचं एक औषध आणि जंतूंचं एक, असं तिन्हींचं कडबोळं आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सर्रास मिळतं. "खाज येतेय" एवढं म्हटलं की काउंटरवरचा मुलगा मागे न वळता ती ट्यूब पुढे सरकवतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. काउंटरवर त्याचा फरक किती पडला ते तुम्हीच अनुभवलंय. स्टिरॉइडने लाली बसते, खाज दबते. गजकर्ण असेल तर वरून बरं दिसत असताना खाली बुरशी पसरते, तिची ओळखीची कड पुसली जाते आणि पुढच्या डॉक्टरांना निदान करणं अवघड जातं. कीटोनचं पुरळ असेल तर मलमाने फारसं काही साधत नाही. तेव्हा ट्यूब आजच बंद करा. डॉक्टरांकडे जाताना मात्र ती पर्समध्ये असू द्या.

आणि उपाय? निदान पक्कं झालं तर पहिला उपाय ताटात आहे. कीटोन थांबले की पुरळाचा मूळ आधारच जातो. बहुतेकांची खाज पिष्टमय पदार्थ परत सुरू केल्यावर काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत उतरते. यासाठी लगेच श्रीखंड-पुरीवर यायचं कारण नाही. प्रौढ माणसासाठी दिवसाला किमान 130 ग्रॅम कार्बोहायड्रेट हा आकडा पोषणशास्त्रात प्रमाण मानतात. मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजवरून तो काढलाय. तेवढं खाणाऱ्या निरोगी माणसात कीटोन नाव घेण्याइतके साठत नाहीत. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण 20 ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, ज्वारीच्या मध्यम भाकरीत 40च्या आसपास, वाटीभर भातातही तेवढंच. म्हणजे दुपारी एक भाकरी, रात्री दोन पोळ्या, दोन्ही वेळा वाटीभर वरण किंवा उसळ, मधल्या वेळी एक पेरू किंवा संत्रं. एवढ्यावर तुम्ही त्या आकड्याच्या आसपास पोचता, आणि तरीही जेवण माफकच राहतं. अंडी, पनीर, चिकन, भाज्या चालू ठेवा. तूप घातलेली कॉफी मात्र सोडा. ती मला औषध म्हणूनही आवडलेली नाही आणि कॉफी म्हणूनही.

खाज फारच असेल किंवा आहार बदलूनही नवं पुरळ येत राहिलं तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन देतात. ही प्रतिजैविकं आहेत, पण इथे जंतू मारण्यासाठी देत नाहीत. न्यूट्रोफिल पेशींची धाव रोखायचा गुण त्यांच्यात आहे, तो इथे कामी येतो. म्हणूनच खाजेवरच्या नेहमीच्या अॅलर्जीच्या गोळीने जे होत नाही ते यांनी होतं. तिसरं औषध डॅप्सोन. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या उपचारात ते कित्येक दशकं वापरात आहे. ते देण्याआधी जी-6-पीडी ही रक्ततपासणी करून घेतात, कारण त्या द्रव्याची कमतरता असेल तर डॅप्सोनने तांबड्या पेशी फुटतात. डॉक्सिसायक्लिन दिलं तर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, अन्ननलिका पोळते. दूध, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर घेऊ नका. उन्हात जाताना अंग झाका. दिवस गेलेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ते आधीच सांगा, मग ही गोळी चालत नाही. मैत्रिणीला दिलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणण्याची ही औषधं नव्हेत.

डागांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येणार. खाज गेली तरी तपकिरी वीण राहते. रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात उतरलेलं असतं, त्यामुळे ती सावकाश फिकी होते. काही महिने सहज लागतात, कुणाला त्याहून जास्त. घासणी, लिंबू, टूथपेस्ट, पार्लरमधलं 'डी-टॅन' यांनी ती जात नाही. सावळ्या त्वचेवर घासण्याने तर नवेच डाग पडतात. सैल सुती कपडे घाला, व्यायाम झाल्यावर घामट टॉप लगेच बदला, कोमट पाण्याने आंघोळ करा. नखं कापा हेही सांगायला हवं, कारण रात्री झोपेत खाजवणारे हात आपले नसतात.

राहिला प्रश्न डाएट सोडण्याचा. एकदा असं पुरळ येऊन गेलेल्या माणसाने पुन्हा कडक कीटो केलं तर ते पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, आणि दर खेपेला डागांत भर पडते. काही जण कार्बोहायड्रेट थोडंसं वाढवून, कीटोनच्या उंबरठ्याअलीकडे राहून निभावतात. पण मला मुळात तुमच्यासाठी त्या उंबरठ्यापर्यंत जाण्याचीच गरज दिसत नाही. आपल्या जेवणात पिष्टमय पदार्थांची गर्दी आहे हे खरं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात भारतीयांच्या आहारातल्या सुमारे 62 टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधून येताना दिसल्या. पण त्याच अभ्यासातल्या तज्ज्ञांनी मधुमेह टाळण्यासाठी जो आकडा सुचवला तो शून्याजवळचा नाही. कार्बोहायड्रेट 50 ते 55 टक्क्यांच्या आसपास आणावं आणि प्रथिनं 20 टक्क्यांकडे न्यावीत, असं त्यांचं म्हणणं. चार पोळ्यांच्या दोन करा आणि वरण घट्ट घ्या, असा त्याचा घरगुती अर्थ. वजन हळू उतरेल. पाठ शाबूत राहील.

---

प्रश्न : माझं वय 54, मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे. मुलाच्या सांगण्यावरून कीटो सुरू केलं. साखर छान आलीय, पण जांघेत आणि खालच्या भागात खूप खाज सुटते. हेही कीटो रॅशच का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, बहुधा नाही. पण तुमचं पत्र मला वरच्या पत्रापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. लघवीत साखर आली की त्या भागात बुरशी वाढते आणि खाज सुटते. हा या गटातल्या गोळ्यांचा माहीत असलेला त्रास आहे आणि तो मलमाने किंवा गोळीने आटोक्यात येतो. लघवी झाल्यावर जागा धुऊन कोरडी ठेवायची सवय लावा.

काळजी वेगळी आहे. ही गोळी आणि कीटो आहार, दोन्हीही कीटोन वाढवतात. दोन्ही एकत्र आलं तर रक्त आम्ल होण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि फसवी गोष्ट अशी की त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास बरी दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, विलक्षण थकवा यातलं काही जाणवलं तर "साखर तर 180च आहे" म्हणून घरी थांबू नका. हॉस्पिटलमध्ये जाऊन 'कीटोन तपासा, ही गोळी चालू आहे आणि कार्बोहायड्रेट बंद आहे' असं याच शब्दांत सांगा. लघवीच्या पट्टीवर भिस्त ठेवू नका. ती फक्त अॅसिटोअॅसिटेट दाखवते, मुख्य कीटोन तिच्यात येतच नाही. रक्तातले कीटोन मोजावे लागतात. आणि आज हे वाचून झाल्यावर पहिला फोन तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना करा. गोळी बदलायची की आहार, ते ठरवतील. तोवर पोळी-भाकरी परत ताटात येऊ द्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या बायकांनीही कीटोच्या वाटेला जाऊ नये. दूध तयार होताना ग्लुकोज भराभर खर्च होतं, त्यात कार्बोहायड्रेट बंद केलं की रक्त आम्ल होण्याचा असाच प्रसंग ओढवल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

---

प्रश्न : अशा खाजऱ्या पुरळावर कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी आंघोळीला घेतलं तर चालेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : चालेल. पाणी कोमट असू द्या, कढत नको, कढत पाण्याने खाज वाढते. पाला अंगावर चोळू नका. पुरळ त्याने जाईल ही अपेक्षा ठेवू नका.

---

प्रश्न : मी गेली तीस वर्षं नवरात्राचे नऊ दिवस उपवास करते. मला कधी पुरळ उठलं नाही. सुनेने महिनाभर कीटो केलं तर तिची पाठ खाजून लाल झाली. उपवास तो उपवासच ना? मग हा फरक का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या उपवासाला काय काय चालतं ते आठवून बघा. साबुदाणा, वरई, राजगिरा, बटाटा, रताळं, शिंगाड्याचं पीठ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट. सुनेचा पूर्ण दिवसाचा कोटा तुमच्या खिचडीच्या एका बशीत संपतो, वर बटाटा आणि केळं वेगळंच. तुम्ही धान्य सोडता, कार्बोहायड्रेट सोडत नाही, त्यामुळे यकृताला कीटोन करायची वेळच येत नाही. दिवसातून दोनदाच जेवायची जी पद्धत आपल्याकडे डॉ. जिचकार आणि डॉ. दीक्षित यांच्या नावाने चालते, तिचंही थोडंफार असंच. तिथे जेवणाच्या वेळा कमी होतात, ताटातली भाकरी तशीच राहते.

कडक, नुसत्या पाण्यावरचे उपवास करणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या रक्तात दोन-तीन दिवसांत सुनेइतकेच कीटोन असतात. अशा उपवासानंतर पाठीवर खाजरं पुरळ उठलं तर त्याला देवीचा कोप वगैरे म्हणू नका, जेवायला लागा आणि आठवडाभरात उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सुनेलाही तेच सांगा, फक्त तिला खिचडी करून वाढताना बशी लहान घ्या.